क्लिक दिले तरी छर्रा तिथेच! स्कोप (नेमाची दुर्बीण) झिरो होत नाही, म्हणजे नेम धरतो तिथे छर्रा लागत नाही, मदत हवी आहे

पन्हाळकर: तीन रविवार वाया गेले. २५ मीटरवर छर्रे दीड इंच खाली लागतात. स्कोपवरची नेम हलवायची चकती वर आठ क्लिक फिरवली, फरक नाही. आणखी आठ दिले, तरी तेच. पाच-सहा छर्ऱ्यांनंतर एकदम वर उडाले! स्कोप नवा आहे. परत करू का? लवकर सांगा.

ओळंबा: रायफल कोणती? क्लिक केवढा?

पन्हाळकर: एअर रायफल, .१७७ इंची. क्लिक पाव एमओए (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग). रायफल चांगली आहे हो, स्कोपचंच बोला.

काकडे_नाशिक: पॅरलॅक्स. बरेच स्कोप १०० यार्डांना बांधलेले असतात, जवळ डोळा जरा सरकला की नेम हलतो. एओवाला (अंतराप्रमाणे ते जुळवता येणारा) घ्या.

ओळंबा: पॅरलॅक्सने ग्रुप (छर्ऱ्यांचा घोळका) पसरेल, पण क्लिक का खाल्ले जातील? पाव एमओए म्हणजे २५ मीटरवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. सोळा क्लिकला छर्रा इंचभर तरी वर जायला हवा होता.

राधानगरी: स्कोप काढा, पीप साइट (भोकातून नेम धरायची) लावा. आमच्या स्वप्नील कुसळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही.

काकडे_नाशिक: ती ५० मीटरची .२२. इथे काय संबंध?

पन्हाळकर: मला स्पर्धा नाही खेळायची. चाळिशी लागली, नळीवरची पुढची माशी (नेमाचा खुंट) दिसत नाही म्हणून स्कोप घेतला.

ओळंबा: नळी मोडून भरायची स्प्रिंगची आहे का? आणि टरेट (ती क्लिकची चकती) वर किती उरलाय?

पन्हाळकर: हो, मोडूनच भरतो. आत्ता मोजले. एकूण २४० क्लिक, वर फक्त १० उरलेत.

ओळंबा: मग सापडलं. या रायफलींची नळी बरेचदा स्कोपच्या मानाने खाली झुकलेली असते. ते भरून काढायला तुम्ही टरेट वर नेत गेलात. टोकाजवळ स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते. क्लिक वाजतो, पण आतली नळी सरकत नाही, मग दणक्याने एकदम सरकते. टरेट मधोमध, १२० क्लिकवर आणा आणि मागची बाजू उंच असलेला ड्रूप माउंट (स्कोप रायफलवर बसवायची पकड) लावा. स्कोप स्प्रिंग रायफलला चालणारा आहे ना, तेही बघा. हिचा दणका मागेपुढे दोन्हीकडे असतो.

काकडे_नाशिक: स्कोप धरणाऱ्या मागच्या रिंगेत फिल्मची पट्टी ठेवली तरी भागतं.

ओळंबा: एखादी चालेल. जास्त घातल्या तर स्कोपची नळी वाकते.

पन्हाळकर: माउंट बसवला. आठ क्लिकला १५ मिमी, परत आठ खाली, छर्रा जागेवर! मनापासून आभार. पण चाळीस छर्ऱ्यांत माउंटच २ मिमी मागे सरकला.

ओळंबा: माउंटखाली स्टॉप पिन (सरकणं अडवणारी खीळ) आहे का बघा. ती रायफलवरच्या भोकात बसवून मग स्क्रू आवळा. झिरो पुन्हा करावा लागेल.