क्लबहाऊसचं वायफाय आणि टाकीचा पाय
(सोसायटी ग्रुप, पाथर्डी फाटा, नाशिक)

बी-३०१ काकू: क्लबहाऊसचं वायफाय परत गेलं का हो? 'जोडलेले आहे' दिसतंय, पण काही उघडत नाही. भजनाची लिंक टाकायची होती.

ए-१०४: आमचं मस्त चालू आहे.

सचिव: नेटवाल्याला फोन केला. लाइन ठीक आहे म्हणतो.

सी-५०२: काकू, वायफायच्या नावावर दाबा, आत आयपी पत्ता दिसेल. तो टाका.

बी-३०१ काकू: १९२.१६८.४.२७

ए-१०४: माझा १९२.१६८.१.४०

सी-५०२: मग चोर टाकीची पातळी दाखवणारा रास्पबेरी पाय, तो छोटा कॉम्प्युटर. राउटर १ वाले पत्ते देतो, हा ४ वाले. नेटवर्कवर आलेला फोन सगळ्यांना हाळी देतो, 'पत्ता द्या!' बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी, त्याचाच घेतो. पाय वर सांगतो, बाहेर जायचं दार मीच. त्याच्यापुढे रस्ताच नाही.

सचिव: अरे, परवा इलेक्ट्रिशियनच्या मुलाने बंद केला होता ना?

सी-५०२: नुसतं स्टॉप केलं असणार. रात्री लाइट गेली-आली, की हा परत पत्ते वाटायला हजर.

ए-२०३ आजोबा: काढून फेका तो डबा.

सी-५०२: आजोबा, मग पहाटे वॉचमनदादांना गच्चीवर चढून टाकीत डोकवावं लागेल. थांबा, खाली जातो.

सी-५०२: कुठल्या पोर्टवर कोण बसलाय ते बघायला 'सुडो एसएस -एलयूएनपी' दिलं. पोर्ट ६७, म्हणजे पत्ते वाटायची खिडकी; तिथे डीएनएसमास्क हा पत्ते वाटणारा प्रोग्राम बसलाय. 'सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ डीएनएसमास्क' मारलं. आत्ता बंद, आणि रीबूटनंतरही उठणार नाही.

ए-१०४: तिथे डीएचसीपीसीडी पण असेल, तोही उडव.

सी-५०२: अजिबात नाही! तो पत्ता मागणारा, वाटणारा नव्हे. फक्त त्याच्या फाइलीत १९२.१६८.४.१ पक्का लिहिलेला होता, त्या ओळींपुढे # लावून त्या बंद केल्या. राउटरमध्ये पायसाठी १९२.१६८.१.५० राखून ठेवलाय. टाकीचं पान आता त्यावर उघडा. रीबूट करून बघितलं, ६७ रिकामा.

बी-३०१ काकू: माझं अजून तेच रे.

सी-५०२: फोन जुना पत्ता मुदत संपेपर्यंत धरून बसतो, काकू. वायफाय 'विसरा' करून परत जोडा.

बी-३०१ काकू: १.५२ आला. लिंक टाकते 🙏

सचिव: टाकीचं पान उघडलं. ४१ टक्के. गाड्या पाइपने धुणं बंद करा, ए विंग!

ए-१०४: आमच्याकडेच का बोट?

ए-२०३ आजोबा: गंगापूर धरण भरलं तरी आपली टाकी निम्मीच. बघा जरा, कुठला कॉक गळतोय.