बोरघाटात मालगाड्या आणि एक्सप्रेसचे फोटो काढायला नेमकं कुठे उभं राहायचं?

डोंबिवली_फास्ट:
नमस्कार मंडळी. कर्जत ते लोणावळा घाटात गाड्यांचे फोटो काढायची लई दिवसांची इच्छा आहे, आता सुट्टी मिळतेय तर नीट ठरवून जावं म्हणतो. कॅमेरा साधाच आहे, 18-55 आणि 55-250 अशा दोन लेन्स. डेक्कन क्वीन तर हवीच, पण खरं सांगायचं तर मला मालगाडी हवीय, चढणारी, मागे बँकर म्हणजे ढकलणारं जादा इंजिन लावलेली, कंटेनर असो नाहीतर टँकर, काहीही चालेल. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून काढलेले फोटो सगळीकडे दिसतात, तिथे जाता येतं का? मंकी हिलला गाडी थांबते तेव्हा लोक उतरतात असंही ऐकलंय. पावसाळ्यात जाऊ की दिवाळीनंतर? सकाळ बरी की दुपार?

पळसदरीकर:
आधी महत्त्वाचं. मंकी हिलला उतरू नका. ठाकूरवाडी, मंकी हिल हे थांबे उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासण्यासाठी आहेत, प्रवाशांसाठी नाहीत. तिथे तीन लाईनी आहेत, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, आणि उतारावरून येणारी गाडी वळणावर अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. बोगद्यात तर बाजूला व्हायला जागाच नसते. शिवाय रुळांच्या हद्दीत विनापरवानगी गेलं की रेल्वे कायद्याचं कलम 147 लागतं, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ते फोटो बघून जीव जळतो माझा, कारण त्यांचं बघून कॉलेजची पोरं तिथे जातात.

आता कुठे जायचं ते. कर्जतपासून सुरुवात करा. चढणाऱ्या लांब गाड्यांना इथे मागून बँकर लागतात, मेल-एक्सप्रेसला दोन-तीन इंजिनं. प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि मुंबईकडच्या टोकाला जाऊन थांबा, गाडीची शेपटी तिथे येते. इंजिन हळूहळू सरकत येतं, शेवटच्या डब्याला टेकतं, खालचा माणूस कपलिंग बघतो, ब्रेकचे पाईप जोडतो, हात दाखवतो. सगळं दोन-चार मिनिटांत उरकतं आणि 18-55 ला आरामात मिळतं. फक्त फ्लॅश मारू नका आणि गर्दीत ट्रायपॉड उघडू नका. आरपीएफवाल्यांनी विचारलं तर सरळ उत्तर द्या, नको म्हणाले तर कॅमेरा बॅगेत.

तिथून खोपोली लोकल पकडून पळसदरी. खोपोलीचा फाटा इथेच फुटतो आणि घाटाची चढणही इथूनच जाणवायला लागते. स्टेशनवरूनच चांगले फोटो मिळतात, मागे डोंगर येतो. वर खंडाळ्याच्या बाजूला जुन्या हायवेवर राजमाची पॉइंट आहे, तिथून दरी आणि घाटाचा भाग उघडा दिसतो, 250 ची लेन्स तिथे लावा.

वेळेचं म्हणाल तर घाटाचा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी बराच वेळ सावलीत असतो. त्यामुळे सकाळी उतरणाऱ्या डेक्कन क्वीन आणि प्रगती दिसायला छान पण फोटोत काळवंडतात. ऊन पडतं ते दुपारनंतर.

वॅग_सात:
पळसदरीकरांनी जागा सांगितल्या, मी जरा काय टिपायचं त्यावर लिहितो, कारण घाटात येणारे बहुतेक जण गाडीचं तोंड काढतात आणि परत जातात. तोंड तर कुठल्याही सपाट लाईनवर मिळतं हो, त्यासाठी घाटात कशाला यायचं? हा 37 ला 1 चा चढ आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. देशात मेन लाईनवर एवढा चढ क्वचितच. सगळी ताकद पुढून लावली तर कपलिंगवर भयंकर ताण येतो, म्हणून मागून ढकलायचं. घाटाचा खरा फोटो म्हणजे वळणावर पुढचं इंजिन आणि मागचे बँकर एकाच फ्रेममध्ये. त्यासाठी वळणाच्या आतल्या बाजूने बघणारी उंच जागा लागते, आणि लांबची लेन्स, म्हणजे अंतर आक्रसतं आणि चढ डोळ्याला दिसतो.

मालगाडीला वेळापत्रक नाही. ॲपवर शोधत बसू नका, कान उघडे ठेवा. चढणारी गाडी दिसण्याच्या बरीच आधी ऐकू येते. पुढचं इंजिन हॉर्न देतं, मागून बँकर उत्तर देतो, दरीत तो आवाज घुमतो, मग कॅमेरा उचलायचा. वेग कमी असतो, 1/500 शटर पुरतं. ओएचईचे म्हणजे वरच्या विजेच्या तारांचे खांब मात्र आधीच मोजून ठेवा, इंजिनाच्या कपाळावर खांब आला की फोटो गेलाच. आणि गाडी गेली म्हणून लगेच उठू नका, बँकर लोणावळ्याला सुटले की खाली परत येतात, कधी कधी बरीच इंजिनं एकमेकांना जोडून, मागे एकही डबा नाही. हा फोटो फार कमी लोकांकडे असतो.

मी डीसी विजेच्या काळापासून हा घाट बघतोय. तेव्हा 1500 व्होल्ट होतं, डब्ल्यूसीजी-2 जातीची इंजिनं ढकलायची, त्यांचा आवाजच वेगळा. आता 25 हजार व्होल्ट एसी आणि वॅग-7 इंजिनं. घाटातली वीजच मुळात 1929 ची, त्याच वर्षी ते जुनं रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं जिथे 1863 पासून गाडी उलटी फिरवून चढवायचे. पुढच्याच वर्षी 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली. आज जे इंजिन बघताय त्याचेही फोटो काढून ठेवा, तेही जाणारच आहे.

मडगावची_मधुरा:
मालगाडीच हवी असेल तर गोव्यातून कर्नाटकात चढणारा कुळे ते कॅसलरॉक घाट पण बघा. चढ तोच, 37 ला 1, पण मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशाच्या भरलेल्या मालगाड्या चढतात, पुढे-मागे मिळून चार-पाच इंजिनं. दूधसागर तर सगळ्यांना माहितीच. पण रुळावरून चालत जायचं नाही हं, 2023 च्या जुलैमध्ये शेकडो लोकांना पोलिसांनी कुळ्याहूनच माघारी पाठवलं होतं आणि ते योग्यच केलं असं माझं ठाम मत आहे. गाडीच्या खिडकीतून काढा, पावसात धबधब्यासमोरून जाताना वळणावर स्वतःच्याच गाडीची इंजिनं फ्रेममध्ये येतात.

डोंबिवली_फास्ट:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, मंकी हिल आणि बोगदे कायमचे रद्द. एक विचारू, वंदे भारतला बँकर लागत नाही म्हणतात ते खरं का? आणि डेक्कन क्वीन चढताना उजेडात मिळेल का?

वॅग_सात:
खरं आहे. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी असतात, त्यामुळे ढकलायला कोणी लागत नाही. सोलापूरची वंदे भारत 10 फेब्रुवारी 2023 पासून अशीच चढतेय. मुंबईहून चार नंतर सुटते, घाटात साधारण साडेपाच ते सहा, दिवाळीनंतरही तिच्यावर शेवटचं पिवळं ऊन मिळतं. समोरचा एलईडी बोर्ड जास्त शटरला अर्धा दिसतो, तेवढं बघा.

क्वीन कर्जतला पावणेसातच्या आसपास येते. हिवाळ्यात काळोख. मे अखेर ते जुलै एवढेच दिवस तिच्यासाठी आहेत कारण सूर्य सातनंतर मावळतो, पण ढग नसले तर. आभाळ भरलेलं असेल तर आयएसओ 1600 च्या वर न्या आणि बिनधास्त काढा, धुक्यातून येणारे हेडलाईट छान येतात.

पळसदरीकर:
पावसाळ्यात जाणार असाल तर दरडींच्या बातम्या बघून निघा. 2019 च्या पावसात मंकी हिल ते नागनाथ दरम्यान लाईन इतकी खचली की दुरुस्तीला कित्येक महिने गेले, पुण्याच्या किती गाड्या रद्द झाल्या. राजमाची पॉइंटला जुलैत धुकं बसलं की दोन-दोन तास काही दिसत नाही, अशा वेळी वर ताटकळू नका, कर्जतला खाली या, प्लॅटफॉर्मवर बटाटेवडा खा आणि बँकर लागताना काढा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ आणि डोंगर अजून हिरवा, पहिल्यांदा येताय तर मी तेव्हाच या म्हणेन. दुपारी दोनच्या आत राजमाची पॉइंट गाठा, लोणावळ्याहून रिक्षा मिळते, परतीचं भाडं आधीच ठरवून घ्या.