कॉलम जाड केले तरी खिडकीखालची भिंत बघा
वर कुणीतरी लिहिलंय की किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती दगडमातीच्या भिंती आणि माळवदामुळे (मातीचं जड सपाट छप्पर), म्हणजे शाळा आरसीसीत (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमवर) बांधली की विषय संपला. पहिला भाग एकदम मान्य, १९९३ ला त्या जाडजूड भिंतींनीच घात केला. पण विषय संपत नाही हो. शाळांच्या आरसीसीत एक खास गोची असते, वर्गात उजेड हवा म्हणून दोन कॉलमच्या मध्ये कंबरेएवढी वीटभिंत आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्या. भूकंपात कॉलमचा खालचा भाग ती भिंत धरून ठेवते, हलायला मोकळा राहतो फक्त खिडकीच्या उंचीचा तुकडा, तो आखूड म्हणून ताठ, ताठ म्हणून जोर जास्त ओढून घेतो आणि तिथेच तिरकी चीर जाऊन फुटतो.

उपाय फार महाग पण नाही, भिंत आणि कॉलममध्ये फट सोडा (भिंत पडू नये म्हणून तिला वेगळा आधार द्या) नाहीतर कॉलमला खालपासून वरपर्यंत दाट रिंगा (उभ्या सळ्यांभोवतीची आडवी कडी) घाला. आमच्याकडच्या एका साइटवर रिंगा फक्त बीमजवळ दाट होत्या, विचारलं तर ठेकेदार म्हणे ड्रॉइंगमध्ये ही भिंतच नाही! आणि ते खरं होतं, भिंत आर्किटेक्टच्या नकाशात, कॉलमचा हिशोब करणाऱ्या इंजिनियरला पत्ताच नाही. आयएस १८९३ मध्ये (भूकंपासाठी इमारतीचा हिशोब कसा करायचा ते सांगणारं भारतीय मानक) शाळेला साध्या घराच्या दीडपट भूकंपाचा जोर धरायला सांगितलाय, पण हिशोबात भिंतच नसेल तर त्या दीडपटीचं काय करायचं? तेव्हा बांधकाम समितीत असाल तर दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघा.