प्लगमध्ये लावायचा ग्रिड-टाय इन्व्हर्टर: सुरक्षित आहे का, कायद्यात बसतो का?

उन्हाळी_वॅट
४५० वॅटची दोन पॅनेल आणि ८०० वॅटचा ग्रिड-टाय मायक्रो-इन्व्हर्टर (पॅनेलची वीज एसी करून वीज कंपनीच्या लाइनला, म्हणजे ग्रिडला, जोडून चालणारा छोटा इन्व्हर्टर) असा संच घ्यायचा विचार आहे. एसी वायरीला साधा तीन पिनांचा प्लग आहे, "सॉकेटमध्ये घातला की झालं" असं विकणारा सांगतो. सॉकेट गच्चीवर आहे. त्याच १६ अँपिअर एमसीबीवर (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) गीझर आणि वॉशिंग मशीनचे पॉइंट आहेत. घरात लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा इन्व्हर्टरही आहे.
चालू असताना प्लग उपसला तर उघड्या पिनांचा शॉक बसेल का? जुनी वायरिंग हे सोसेल का? आणि न विचारता लावलं तर बेकायदा ठरतं का?

शून्य_ओहम
आधी पिनांचं बघू. ग्रिड-टाय इन्व्हर्टर स्वतःहून २३० व्होल्ट तयार करत नाही. समोर ग्रिडचं व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी दिसली की तिच्याशी जुळवून घेत करंट ढकलतो. प्लग उपसला की करंटला जायला वाटच राहत नाही, व्होल्टेज एकदम चढतं आणि ओव्हरव्होल्टेजवर तो ट्रिप होतो. मागे उरतो फिल्टरच्या कपॅसिटरमधला चार्ज. घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५-१ या आंतरराष्ट्रीय मानकात प्लग काढल्यानंतर १ सेकंदाने पिनांवर ३४ व्होल्टपेक्षा जास्त नको अशी अट आहे. चांगला माल हे पाळतो.

अवघड प्रसंग वेगळाच. लाइट गेली आणि नेमकं पॅनेलच्या उत्पादनाइतकंच लोड लाइनवर राहिलं, तर व्होल्टेज हलत नाही आणि इन्व्हर्टरला ग्रिड गेल्याचं कळत नाही. त्यासाठी तो मधूनमधून फ्रीक्वेन्सीला हलकी कोपरखळी देऊन बघतो. ग्रिड असेल तर ती जागची हलत नाही, नसेल तर घसरते आणि तो बंद होतो. याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. आयईसी ६२११६ मध्ये हीच परीक्षा मुद्दाम जुळवलेल्या लोडवर घेतात, मर्यादा २ सेकंद.

घरी तपासायचं असेल तर असं करा. कडक ऊन असताना त्या लाइनवरून टीव्ही, चार्जर, मशीन सगळं काढा. मल्टिमीटर एसी रेंजला लावून त्याच लाइनवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये धरा आणि एमसीबी पाडा. रीडिंग २ सेकंदांच्या आत शून्याकडे गेलं पाहिजे. मग जवळपास तितक्याच वॅटचा साधा हीटर लावून पुन्हा तेच करा. शेवटी एमसीबी चढवा आणि घड्याळ बघा: जर्मन नियमात ग्रिड परत आल्यावर किमान ६० सेकंद थांबायचं असतं, अमेरिकेच्या आयईईई १५४७ मध्ये नेहमीची सेटिंग ३०० सेकंद. लगेच सुरू होणारा इन्व्हर्टर कुठल्याच मानकावर पास झालेला नसणार, डब्यावर काहीही छापलेलं असो.

एक नक्की: दोन्ही टोकांना पिना असलेली केबल संचात आली, तर तो संच तिथेच परत करा. इन्व्हर्टरकडचं टोक निसटलं की सॉकेटमधल्या केबलच्या उघड्या पिनांवर थेट ग्रिडचे २३० व्होल्ट असतात. तिथे कुठलंही अँटी-आयलंडिंग कामाला येत नाही.

तांब्याची_तार
पिनांची सगळ्यांना भीती वाटते, पण जास्त नुकसान भिंतीतल्या वायरीचं होतं.

८०० वॅट म्हणजे साधारण ३.५ अँपिअर. एमसीबीला फक्त बोर्डाकडून येणारा करंट दिसतो, लाइनच्या मध्येच घुसणारा दिसत नाही. त्यात १६ अँपिअरचा एमसीबी १.१३ पट म्हणजे १८ अँपिअरवर तासभर पडत नाही, त्याची रचनाच तशी असते. म्हणजे इन्व्हर्टरच्या पुढच्या वायरीत १८ अधिक ३.५, असे साडेएकवीस अँपिअर जाऊ शकतात आणि एमसीबी गप्प. कंड्युटमधल्या १.५ चौ. मिमी तांब्याची कुवत साधारण १७ अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिच्यात दीडपटीहून जास्त. २.५ ची कुवत २४ च्या आसपास, पण भोवतालचं तापमान ४० अंश झालं की तीही २१ वर येते.

आता हे बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत: इन्व्हर्टर कुठे लावलाय यावर सगळं अवलंबून आहे. बोर्ड, मग गीझर, मग मशीन आणि अगदी टोकाला गच्ची, अशी एकच सरळ लाइन असेल, तर कुठल्याच तुकड्यातून एमसीबीपेक्षा जास्त करंट जात नाही, कारण दोन्ही बाजूंचे करंट लोडपाशी येऊन मिळतात. उलट गच्चीची वायर बोर्डाजवळच्या जंक्शन बॉक्समधून फुटली असेल आणि गीझर व मशीन दोन्ही त्या जंक्शनच्या पुढे एकाच फांदीवर असतील, तर त्या फांदीत दोन्ही करंटची बेरीज होते. म्हणून आधी जंक्शन बॉक्स उघडून वायर कुठून कुठे गेली ते बघा. एक्स्टेन्शन बोर्डावर तर लावूच नका.

कमी खर्चाचा उपाय म्हणजे त्या लाइनचा एमसीबी १० अँपिअरचा करणं. ११.३ अधिक ३.५, म्हणजे १५ च्या आत, १.५ च्या वायरीलाही चालतं. पण मग गीझर आणि मशीन एकत्र लावले की पडेल. नीट काम करायचं तर बोर्डापासून स्वतंत्र २.५ चौ. मिमी लाइन, अर्थिंगसकट, ६ किंवा १० अँपिअरचा डबल पोल एमसीबी, इन्व्हर्टरजवळ आयसोलेटर (हाताने लाइन पूर्ण तोडायचा स्विच). प्लग नकोच.

आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) घेताना लाइन आणि लोड अशा खुणा आहेत का ते बघा. त्या असतील तर तो बहुधा एकाच दिशेने पुरवठा गृहीत धरून बनवलाय. ट्रिप झाल्यावरही इन्व्हर्टर बंद होईपर्यंत खालून व्होल्टेज येत राहतं आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. मग टेस्टचं बटण दाबलं तरी तो पडत नाही. ब्रिटनच्या बीएस ७६७१ या वायरिंगच्या नियमांमध्ये २०२४ च्या दुरुस्तीत हा मुद्दा खास घातला गेला. दोन्ही दिशांना चालणाराच घ्या, ३० मिलिअँपिअर, टाइप ए किंवा इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला.

बॅकअप_बाळू
प्रश्नात बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, तिकडे कुणी बघितलं नाही. गच्चीचं सॉकेट त्याच्या आउटपुटवर असेल तर हा संच अजिबात लावू नका.

लाइट गेली की बॅटरी इन्व्हर्टर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ देतो. ग्रिड-टायला वाटतं ग्रिड आली, आणि ठरलेला वेळ थांबून तो करंट ढकलायला लागतो. घरात तेव्हा दोन पंखे, चार दिवे, म्हणजे २०० वॅट. उरलेले ५००-६०० वॅट उलटे बॅटरी इन्व्हर्टरमध्ये शिरतात आणि त्याच्या एच-ब्रिजमधून (डीसीचं एसी करणारं सर्किट) बॅटरीत जातात, चार्जिंग कंट्रोलला वळसा घालून. १२ व्होल्टच्या बॅटरीला ते ४० अँपिअरहून जास्त पडतात. भरलेली बॅटरी उकळायला लागते, नाहीतर त्या सर्किटमधले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतात. छोट्या जनरेटरवरही हेच धोके आहेत. अँटी-आयलंडिंग इथे काही करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ग्रिड हजर आहे.

ग्रिड-टाय नेहमी बॅटरी इन्व्हर्टरच्या इनपुटच्या बाजूला, मेन बोर्डावर.

मीटर_वाचक
कायद्याबद्दल थोडक्यात. प्लगची सरसकट परवानगी फार कमी ठिकाणी आहे. जर्मनीत मे २०२४ पासून ८०० व्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर आणि एकूण २००० वॅटपर्यंतची पॅनेल फक्त सरकारी नोंदवहीत नोंद करून चालतात. अमेरिकेत युटा राज्याने २०२५ मध्ये १२०० वॅटपर्यंतच्या प्रमाणित संचांना वीज कंपनीशी करार करण्यातून सूट दिली. इतरत्र बहुतेक ठिकाणी संच कितीही लहान असला तरी ग्रिडला समांतर जोडायला वीज कंपनीची परवानगी लागते. भारतात सीईएचे (केंद्रीय विद्युत प्राधिकरण) २०१३ चे जोडणीविषयक नियम आहेत, वर वीज नियामक आयोगांचे नेट मीटरिंगचे (बाहेर दिलेली वीज बिलातून वजा करण्याचे) नियम. त्यामुळे "प्लग आहे म्हणून उपकरणच" हा विकणाऱ्यांचा युक्तिवाद टिकत नाही. आग लागली तर विमा कंपनीही आधी परवानगीचाच कागद मागेल.

न विचारता लावलं तर मीटर चुगली करतो. जुना चकतीचा मीटर उलटा फिरतो, म्हणजे थेट छेडछाडीचा संशय. काही इलेक्ट्रॉनिक मीटर दिशा न बघता युनिट मोजतात, मग बाहेर गेलेली वीजही तुमच्याच बिलात चढते. स्मार्ट मीटरमध्ये निर्यातीची वेगळी नोंद होते.

प्रमाणपत्र बघताना नुसता लोगो नको. मॉडेल नंबर अक्षर न अक्षर जुळतो का, ते देणाऱ्या प्रयोगशाळेच्या साइटवर तपासा.

उन्हाळी_वॅट
जंक्शन बॉक्स बोर्डाशेजारीच आहे आणि गच्चीची वायर तिथूनच फुटली आहे, गीझर आणि मशीन पुढच्या फांदीवर. वायर १.५ चीच. झीरो-एक्स्पोर्टवाला मॉडेल घेतला तर परवानगीची गरज राहत नाही ना?

मीटर_वाचक
राहते. झीरो-एक्स्पोर्ट म्हणजे मेन वायरीवर सीटी (करंट मोजणारी कडी) लावून उत्पादन घरातल्या लोडइतकंच ठेवणं. त्याने मीटरचा घोळ मिटतो, पण इन्व्हर्टर ग्रिडला समांतर जोडलेलाच असतो. गीझर अचानक बंद झाला की सेटिंग खाली यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात थोडी वीज बाहेर जातेच. सीटीचा बाण उलटा बसवला तर इन्व्हर्टर नेमका उलट वागतो, तेही बघा.

तांब्याची_तार
जंक्शन तसं असेल तर त्या सॉकेटचा विषय संपला. स्वतंत्र लाइन ओढा, आणि वायरमनला जंक्शन बॉक्समधली जोडणी दाखवूनच कामाला लावा.