निवृत्तीनंतर परदेशी मिशनवर : जवळून पाहिलेली जोडपी (अनुभव धागा)

अमेरिकेत युटा, आयडाहोकडे राहणाऱ्या मराठी लोकांना हे नवं नाही. शेजारचे साठी-पासष्टीचे नवरा-बायको एक दिवस सांगतात, "आम्ही मिशनवर निघालोय," आणि दीड वर्षं त्यांच्या घराला कुलूप लागतं, नाहीतर भाडेकरू येतो. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्यांच्याकडची, चर्चच्या कामासाठी काही काळ घर सोडून जायची, ही जुनी रीत. पांढरा शर्ट, काळी नावपट्टी लावून जोडीने फिरणारी तरुण मुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात. वयस्क जोडप्यांबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी माहिती. मुदत सहा ते तेवीस महिन्यांची. पगार नाही, राहणं, खाणं आपल्या साठवणीतून. परदेशातलं घरभाडं झेपेना म्हणून कित्येकजण मागे राहायचे, तेव्हा २०११ मध्ये चर्चने जोडप्याच्या घरखर्चाला महिना १,४०० डॉलरची मर्यादा घातली आणि वरचा भार स्वतःकडे घेतला. कुठे जायला आवडेल ते सुचवता येतं, पण ठरवतं चर्च. धर्म सांगत दारोदार जाणं सहसा यांच्याकडे नसतं. ऑफिस, मदतकार्य, जुन्या नोंदींचे फोटो काढून जतन करणं, तरुण मिशनरींची देखभाल, अशी कामं.

धर्म पटतो की नाही हा वाद इथे नको. ज्यांनी ही माणसं जवळून पाहिलीत, त्यांनी त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल लिहावं.

लीहाय, युटा

मी सांगलीची, लग्न इथल्या मुलाशी. सासू-सासरे अठरा महिन्यांसाठी घानाला, आक्राला निघाले तेव्हा मी गरोदर होते. माझ्या आईला हे अजिबात पटलं नाही. "पहिलं बाळंतपण, आणि सासू परदेशी? पुढे नाही का ढकलता येत?" सासूबाईंनी मला तसं विचारलंही होतं. मीच म्हटलं, जा. आई येणार होतीच, आणि हे दोघं किती वर्षं यासाठी पैसे बाजूला टाकत होते ते मी पाहिलं होतं.

तिथे सासूबाई ऑफिसात. कुणाचा व्हिसा संपतोय, कुणाला विमानतळावर आणायचंय, कुणाचं तिकीट काढायचंय. सासऱ्यांनी जन्मभर प्लंबिंग केलं, त्यामुळे तरुण मिशनरी मुलांच्या भाड्याच्या खोल्या त्यांच्याकडे आल्या. नळ, पाण्याचे फिल्टर, मच्छरदाण्यांची भोकं. दर फेरीला सासूबाई आधी फ्रिज उघडायच्या. एका खोलीत अर्धा कांदा आणि सॉसची बाटली, बाकी काही नाही. त्या दिवशी खोलीची तपासणी बाजूला राहिली आणि त्या मुलांना भात-चिकन शिकवून आल्या. मलेरियाने फणफणलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या उशाशी रात्रभर बसल्या, त्याच्या आईला फोन त्यांनीच केला. दीड वर्षांत त्यांनी जे केलं त्यात मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

तिकडे वीज कधीही जायची. डमसोर म्हणतात त्याला, आणि सासऱ्यांच्या तोंडी तो शब्द असा बसला की युटातही दिवे गेले की तेच म्हणतात.

आमचे सकाळचे दहा म्हणजे त्यांचे संध्याकाळचे पाच. आई बाळाला तेल लावायला बसली की फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायची. सासूबाई ऑफिसातून आलेल्या असायच्या. आईचं इंग्रजी जेमतेम, पण पायावर बाळ पालथं कसं घ्यायचं, टाळू कशी भरायची, हे सगळं तिने त्यांना हाताने दाखवलं. जायला नको होतं, असं आई त्यानंतर पुन्हा कधी म्हणाली नाही.

कठीणही होतं. चाळीस वर्षं दोघांचे दिवस वेगवेगळे गेलेले, तिथे एकच गाडी, समोरासमोर टेबलं. सुरुवातीला गाडी चालवण्यावरून रोज वाजायचं. मग सासरे संध्याकाळी एकटे चालायला जाऊ लागले, तेवढा वेळ घर सासूबाईंचं, आणि निवळलं. सासऱ्यांचे थोरले भाऊ त्याच काळात गेले. यायला मनाई नव्हती, पण तिकीट पदरचं आणि हातातलं काम अर्ध्यावर. त्यांनी अंत्यविधी फोनवर पाहिला. ते दुःख त्यांना अजून आहे.

बंगळुरू

आमच्या मजल्यावर वर्षभर असं जोडपं होतं. आम्ही काका-काकूच म्हणायचो. पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहाला नको म्हणाले. कॉफीही नको. माझ्या सासूबाईंना ते फार लागलं, पाहुणा चहाशिवाय गेला! त्यांच्यात चहा-कॉफी, दारू, तंबाखू सगळंच वर्ज्य. पुढच्या खेपेला सासूबाईंनी गवती चहा, आलं, गूळ उकळून दिला, पत्ती न घालता. काकूंनी दोनदा मागून घेतला आणि मग दर रविवारी त्यासाठी येऊ लागल्या.

काकू आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावर वाढलेल्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या. पण इथला रस्ता ओलांडताना त्यांचे पाय थरथरायचे. माझी नववीतली लेक त्यांचा हात धरून पलीकडे न्यायची. आपल्या गावी सगळं जमणाऱ्या बाईला या वयात परकं, अडाणी व्हावं लागतं, आणि ते त्या मान खाली न घालता सोसत होत्या. मला त्याचा फार आदर वाटला.

धर्मांतराचा प्रश्न आमच्या ह्यांनी सरळ विचारला होता. काका म्हणाले, "विचारलंत तर माझी श्रद्धा सांगेन, नाही विचारलंत तर शेजारी आहोत." नाताळच्या कार्यक्रमाला बोलावलं, आम्ही गेलो. त्यापलीकडे कधी काही नाही.

मनिला

कोरोनामुळे २०२० च्या मार्चमध्ये चर्चने परदेशातल्या मिशनरींना मायदेशी बोलावलं. आमच्या ओळखीच्या जोडप्याने दोन दिवसांत घर आवरलं. तांदूळ, पंखा, प्रेशर कुकर आम्हाला दिला. कोणाचाही नीट निरोप घेता आला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. अजून पत्रं येतात.

दार-एस-सलाम, टांझानिया

मी फिजिओथेरपिस्ट. चाकाच्या खुर्च्या फुकट वाटणाऱ्यांचा मला राग आहे, कारण मापाची नसलेली खुर्ची माणसाला जखमा करते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली, तरी ट्रकभर एकाच मापाच्या खुर्च्या येतातच. म्हणून या चर्चचं एक म्हातारं जोडपं आलं तेव्हा मी सावधच होते. पण आजोबा निवृत्त सुतार निघाले. मी मापं सांगायची: कंबरेची रुंदी, मांडीची लांबी, पावलं टेकण्याची उंची. ते पाना घेऊन पायपट्टी वरखाली करायचे, पुन्हा बसवून बघायचे. आजी नोंदी ठेवायच्या आणि महिन्याने कुणाला बोलवायचं ते लिहायच्या. ही दुसरी भेटच सगळे विसरतात, त्या विसरल्या नाहीत.

खटकलेलं एकच. भाषा जेमतेम यायला लागली आणि त्यांची मुदत संपली. नवं जोडपं पुन्हा पहिल्यापासून.

अहमदनगर (आता अहिल्यानगर)

आमचं घराणं इथल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, वेगळ्या पंथाचं. नगरला ते मिशन १८३१ मध्ये आलं. तेव्हा जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास, आणि आलेले कित्येकजण इथल्याच मातीत गेले. पण ते तरुणपणी यायचे, मराठीत बोलायला, लिहायला शिकायचे. वरच्या ताईंचा भाषेचा मुद्दा म्हणूनच मला पटतो. उतारवयात दीड वर्षात ते कसं जमणार? जाण्याआधी भाषेला वेळ द्यायला हवा.

लीहाय, युटा

परदेशात आजारी पडलं तर काय, असं कुणीतरी विचारलंय. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देशाबाहेर सहसा चालत नाही, त्यामुळे परदेशी जाणाऱ्यांना वेगळा विमा लागतो. निघण्याआधी डॉक्टर, दंतवैद्य सगळ्यांचे कागद द्यावे लागतात, आणि मधुमेह, रक्तदाबाची औषधं तिथे मिळतील का ते आधी पाहतात. भाषेचं म्हणाल तर सासऱ्यांनी आता स्पॅनिश सुरू केलंय. पुन्हा अर्ज करायचं चाललंय, आणि या वेळी मुलगी शाळेत जाते, त्यामुळे आजी कुठे निघाली हे तिला आम्हालाच समजावावं लागणार.