सोसायटीचा ग्रुप: कालच्या मुलांच्या कार्यक्रमातल्या धरलेल्या खुर्च्या

ए-२०३: सर्वांना नमस्कार. काल दुसऱ्या रांगेत एकाच व्यक्तीने पाच खुर्च्या धरल्या होत्या. ओढणी, पर्स, बाटली, छत्री, जे हाताला लागलं ते टाकून. माझ्या सासूबाई गुडघ्याला पट्टा लावून भिंतीला टेकून उभ्या. नाव घेत नाही.

सी-५०१: नाव नाही घेतलं तरी कळतंय सगळ्यांना. आम्ही तिघी आत मुलांचा मेकअप करत होतो, आमच्यासाठी धरल्या.

ए-२०३: तिघींच्या तीन. उरलेल्या दोन?

सी-५०१: नणंद आणि तिचे मिस्टर. गाडी लावायला जागा मिळेना त्यांना.

बी-१०४: कार्यक्रम सुरू झाला की रिकामी खुर्ची कोणाचीही. एवढा एकच नियम करा.

डी-३०२: गाडीचा विषय निघालाच आहे तर माझ्या जागेवर पांढरी गाडी कोणाची?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला. पार्किंगचा ग्रुप वेगळा आहे.

डी-३०२: तिथे कोणी उत्तर देत नाही साहेब.

ए-४०१: मला "इथे येणारेत" म्हणून उठवलं. शेवटपर्यंत कोणी फिरकलं नाही 😄

बी-१०४: म्हणूनच म्हणतोय. सुरू झालं की रिकामी खुर्ची कोणाचीही.

सी-५०१: ताई, मला सांगितलं असतंत तर मी स्वतः उठून आजींना बसवलं असतं.

ए-२०३: विचारलं होतं. मोबाईलमधून मान वर न करता "भरलीय" म्हणालात.

ए-६०१: शेजारचा पाणी प्यायला उठला तर त्याची जागा राखावी. जो घरातून निघालाच नाही त्याची कशाला? शिवाय मागच्या खुर्च्या पुढे आणून मधली वाटच बंद केली होती. धूर-बिर झाला असता तर आम्ही म्हातारे बाहेर पडलो असतो का?

सेक्रेटरी: काका, अगदी बरोबर. पुढच्या वेळी वाट मोकळी, पहिली रांग ज्येष्ठांची.

सी-५०१: काल पहिल्या रांगेत समितीच्या घरचेच होते. सहज आठवलं.

सेक्रेटरी: मॅडम, ते पाहुणे होते.

बी-१०४: सुरू झालं की रिकामी खुर्ची कोणाचीही. तिसऱ्यांदा लिहितोय.

सी-५०१: अहो, आम्ही आतून बाहेर येतो तेव्हा पहिला नाच संपलेला असतो. आपल्याच मुलांचा नाच उभ्याने बघायचा?

ए-२०३: नाही. आत राबणाऱ्यांच्या खुर्च्यांवर समितीने चिठ्ठी लावावी, मी स्वतः राखीन. नणंदेची राखणार नाही.