दगडावर १९१४–१९१९, पुस्तकात १९१८ : दिनविशेषाच्या फळ्यावर काय लिहायचं?

घाटमाथा_खानापूर
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात चावडीशेजारी पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. या गावातून इतके जण लढाईवर गेले, त्यांतले इतके कामी आले, असा मजकूर आणि सोबत १९१४–१९१९. वाचनालयाच्या दिनविशेषाच्या फळ्यावर मात्र ११ नोव्हेंबर १९१८ ला ‘महायुद्ध संपले’ असं लिहितात. आता दगडाची डागडुजी निघाली आहे आणि कमिटीतले काही जण म्हणतात, आकडा चुकलाय, १९१८ कोरून घेऊया. खरं सरकारनंच बसवलेल्या दगडावर चूक कशी असेल? रशियन क्रांती २५ ऑक्टोबर की ७ नोव्हेंबर, जर्मनीची शरणागती ८ मे की ९ मे, हेही घोळ दरवर्षी होतात. फळा लिहिणारी मुलं बदलतात, म्हणून एकदाच पक्की पद्धत ठरवायची आहे.

निपाणीकर
सगळ्यात आधी दगडाला छिन्नी लावू देऊ नका. दगड बरोबर आहे.

११ नोव्हेंबर १९१८ ला थांबला तो गोळीबार. फ्रान्समधल्या काँपिएनच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या आणि सकाळी ११ पासून पश्चिम आघाडीवर शस्त्रसंधी लागू झाली. शस्त्रसंधी म्हणजे तह नव्हे. जर्मनीशी तह व्हर्सायला २८ जून १९१९ रोजी झाला, म्हणजे ज्यावरून युद्ध पेटलं त्या साराजेव्होतल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. अंमल सुरू झाला १० जानेवारी १९२० पासून. दगडावरचं १९१९ हे तहाचं साल आहे.

त्यात आपल्या भागातली माणसं लढली ती बहुतेक फ्रान्समध्ये नव्हे, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), तुर्कांशी. कूतच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. तुर्कांशी शस्त्रसंधी मुद्रोसला ३० ऑक्टोबर १९१८ रोजी झाली आणि ३१ तारखेला दुपारी बारापासून लागू झाली. म्हणजे बसरा-बगदादकडच्या मराठा शिपायासाठी लढाई ११ नोव्हेंबरच्या आधीच थांबली होती. तुर्कांशी पहिला तह सेव्हरचा, १० ऑगस्ट १९२०. तो कधी अमलातच आला नाही. खरा तह लोझानचा, २४ जुलै १९२३. तेव्हा ‘महायुद्ध कधी संपलं’ याचं एकच उत्तर नाही. कुठल्या आघाडीवर आणि कुठल्या अर्थानं, हे आधी विचारावं लागतं.

यावर राष्ट्रांचे हक्क ठरतात. शस्त्रसंधी लागू झाली तेव्हा उत्तर इराकातलं मोसूल शहर तुर्कांच्याच हातात होतं. इंग्रज फौजा तिथे शिरल्या त्या नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तुर्कस्ताननं नेमक्या याच मुद्द्यावर पुढची कित्येक वर्षं दावा लढवला. निकाल लागला ५ जून १९२६ च्या अंकारा करारात, तोही इराकच्या बाजूनं. जे ‘संपले’ एवढंच लिहितात, त्यांना मोसूलचा वाद कळूच शकत नाही.

जुनी_गणना
रशियाचं सांगतो. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. रशियात तेव्हा ज्युलियन कॅलेंडर चालू होतं. तिथली २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे आपल्या ग्रेगोरियन कॅलेंडरची ७ नोव्हेंबर. ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी धरून त्यांनी गणना बदलली.

इथली नेहमीची चूक म्हणजे सरसकट १३ दिवस मिळवणं. फरक शतकागणिक वाढतो. १५८२ पासून १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवस, तिथून १८०० पर्यंत ११, १९०० पर्यंत १२ आणि त्यानंतर १३. १७००, १८००, १९०० ही सालं ज्युलियनमध्ये लीप धरतात, ग्रेगोरियनमध्ये धरत नाहीत. प्रत्येक वेळी एकेक दिवस वाढला तो त्यामुळे. नेपोलियन आणि रशिया यांची बोरोदिनोची लढाई रशियन कागदांत २६ ऑगस्ट १८१२ आहे. तिच्यात १२ मिळवा, ७ सप्टेंबर येते. १३ मिळवले तर ८ येईल आणि फळा चुकेल.

हाच प्रश्न आपल्याही इतिहासात आहे. इंग्लंडनं कॅलेंडर बदललं ते १७५२ मध्ये (२ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर), पोर्तुगालनं मात्र १५८२ मध्येच. म्हणून शिवकाळातल्या एकाच घटनेची सुरतेच्या इंग्रजी पत्रातली तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रातली तारीख यांत १० दिवसांचं अंतर पडतं. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या (ज्युलियन) गणनेतली तारीख, नव्या (ग्रेगोरियन) गणनेत १६ जून. सिंहगडाची ४ फेब्रुवारी १६७०, जी बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंटल दिवस आहे, तीही जुन्याच गणनेतली. त्यात आणखी एक मेख आहे. १७५२ पूर्वी इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या त्यांच्या कागदांवर साल एकानं मागे दिसतं. ‘फेब्रुवारी १६६९’ दिसलं की ते १६७० आहे का, हे तपासूनच पुढे जा.

रूढ तारीख बदलू नका. कंसात ‘जुनी गणना’ एवढं लिहा. पानिपतला मात्र असं काही करायची गरज नाही; १४ जानेवारी १७६१ ही नव्या गणनेतलीच आहे. फक्त तिथे ‘संक्रांतीच्या दिवशी’ असं लिहू नका. त्या काळी संक्रांत चारेक दिवस आधी यायची.

वडगाव_वाचक
८ मे आणि ९ मे हा घड्याळाचा फरक आहे. जर्मनीच्या शरणागतीवर पहिली सही फ्रान्समध्ये रीम्सला ७ मे १९४५ रोजी पहाटे २:४१ ला. अंमल ८ मे रात्री ११:०१ पासून, मध्य युरोपच्या वेळेनं. रशियानं बर्लिनला पुन्हा सह्या घेतल्या. त्या कागदावर ८ मे आहे, खरं मॉस्कोच्या घड्याळात तेव्हा ९ उजाडली होती. म्हणून रशियाचा विजयदिन ९ मे.

पर्ल हार्बरही तसंच. हवाईत ७ डिसेंबर १९४१ ची सकाळ, जपानमध्ये ८ डिसेंबर. मलायात कोटा भारूला जपानी फौज उतरली ती पर्ल हार्बरच्या आधी, तरी तिची तारीख ८ डिसेंबर लिहितात. तारखा बघून क्रम लावला की उलटा लागतो. अशा ठिकाणी ‘स्थानिक वेळ’ लिहिलंच पाहिजे.

चोर्ला_रोड
वरचं सगळं फळ्यावर कसं उतरवायचं ते सांगतो. मुलांना एक नियम द्या : ‘युद्ध संपले’ हे शब्दच वापरायचे नाहीत. त्याऐवजी पाचांतलं एक लिहायचं. युद्ध पुकारले, शस्त्रसंधी, शरणागती, तहावर सही, तह अमलात. सोबत ठिकाण. नोंद अशी होईल : ‘२ सप्टेंबर १९४५ : टोकियोच्या उपसागरात मिसुरी युद्धनौकेवर जपानची शरणागतीवर सही.’ १५ ऑगस्टला वेगळी नोंद : ‘सम्राटाचे रेडिओवरून निवेदन.’ भारताचा जपानशी तह तर ९ जून १९५२ चा. सॅन फ्रान्सिस्कोच्या तहात भारत नव्हता.

मुलांना समजावायला गोव्याचं उदाहरण घ्या, घाट उतरलं की गोवाच. १७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री कारवाई सुरू झाली, बेळगावकडूनही फौजा गेल्या. १९ डिसेंबरला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनं शरणागतीवर सही केली. पोर्तुगालनं मात्र भारताचं सार्वभौमत्व करारानं मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ ला. शरणागती आणि मान्यता यांत १३ वर्षं गेली. कोरियाचं आणखी टोकाचं : २७ जुलै १९५३ ची शस्त्रसंधी आहे, शांतता तह नाहीच.

एका वहीत प्रत्येक नोंदीला चार रकाने पाडा : तारीख, कुठलं कॅलेंडर, कुठली वेळ, नेमकं काय झालं. पहिल्या तीन रकान्यांत शंका असेल ती नोंद त्या वर्षी फळ्यावर घेऊ नका.

घाटमाथा_खानापूर
मंडळी, फार उपकार झाले. दगडाचं कमिटीला सांगतो. अजून दोन गोष्टी. एका घरात दोन पदकं आहेत, एकावर १९१४–१९१८ आणि दुसऱ्यावर १९१४–१९१९. आणि एक शिपाई १९२० साली बसऱ्याकडे आजारानं वारला असं त्याच्या घरचे सांगतात. त्याला महायुद्धातला धरायचं का?

निपाणीकर
पदकं दोन्ही बरोबर. १९१४–१९१८ वालं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, मागे घोडेस्वार. १९१९ वालं काशाचं व्हिक्टरी मेडल, पुढे पंखवाली विजयदेवी, फीत इंद्रधनुषी. दोन्हींच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पॉलिश करू नका, घासून घासून हीच अक्षरं जातात. तिरपा उजेड पाडून भिंगानं वाचा आणि नंबर आधी टिपून घ्या. इंग्रजीत नावाचं स्पेलिंग हवं तसं केलेलं असतं, नंबरानं शोध लागतो.

१९२० च्या शिपायाबद्दल : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ ही मुदत धरतं. ३१ ऑगस्ट १९२१ हा ब्रिटिश कायद्यानं ठरवलेला युद्धसमाप्तीचा दिवस. या मुदतीत नोकरीवर असताना आजारानं गेलेलाही त्यांच्या नोंदीत बसतो. तेव्हा तारीख आणि पलटण जुळली तर त्याला यादीत घ्या. त्यांची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते.

आणि दगड धुताना नुसतं पाणी आणि मऊ ब्रश वापरा. अ‍ॅसिड नको, तारेचा ब्रश नको, अक्षरांत ऑइल पेंटही भरू नका.